रोबोशेजारी काम करणाऱ्याचा ताण मोजताना या चुका टाळा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगच्या रोबोशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या मनगटाला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधायचा आणि ठोके वाढले की ‘ताण वाढला’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही सर्वांत घातक चूक आहे. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली जड सुटे भाग उचलणाऱ्या माणसाचे ठोके रोबो बंद असतानाही वाढतात. म्हणून तेच काम, दिवसाच्या त्याच वेळी, रोबो थांबलेला असताना करून घ्यावे आणि त्या माणसाची तुलना त्याच्याच नोंदीशी करावी, शेजारच्या कामगाराशी नव्हे. चहा, तंबाखू आणि आदल्या रात्रीची पाळी यांचीही विचारपूस करून नोंद ठेवावी.

घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता तळहातावर किंवा बोटांवर मोजणे उत्तम. पण तेलकट हातावर इलेक्ट्रोड (त्वचेला लावलेला मोजणीचा संवेदक) सैल होतो आणि आलेखात उभी, टोकदार उसळी दिसते. खरा प्रतिसाद घटनेनंतर साधारण 1 ते 3 सेकंदांनी सुरू होतो, झपाट्याने चढतो आणि सावकाश उतरतो. रोबोचा हात वळण्याआधीच आलेख चढलेला दिसला, तर कामगाराला आधीच चाहूल लागली असे मानण्यापूर्वी दोन्ही घड्याळे तपासावीत. बहुतेक वेळा रोबोच्या नियंत्रकाचे घड्याळ आणि पट्ट्याचे घड्याळ जुळलेले नसते. मापनाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही नोंदींत एकाच क्षणी ठळक खूण केली, तर हा घोळ नंतरही निस्तरता येतो.

दोन ठोक्यांमधील अंतराच्या चढउतारावरून निष्कर्ष काढायचा असेल, तर 5 मिनिटांची स्वच्छ नोंद हवी. मधला एक ठोका निसटला तरी चढउताराचा आकडा फुगतो. लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक ताणानंतर सुमारे 20 ते 30 मिनिटांनी शिखर गाठते आणि सकाळी मुळातच जास्त असते, म्हणून पहिल्या व दुसऱ्या पाळीचे नमुने सरळ ताडून पाहू नयेत.

साखर कारखान्याच्या नियंत्रण कक्षात तर संपूर्ण पाळीची सरासरी काढूच नये. तिथे तासन्‌तास पडद्याकडे नुसते पाहत बसावे लागते आणि मग अचानक एकामागून एक इशारे वाजू लागतात; सरासरीत इशाऱ्यांची ती दहा मिनिटे बुडून जातात. त्या दहा मिनिटांची नोंद वेगळी काढावी आणि पाळी संपण्याची वाट न पाहता, मुकादम जवळ नसताना, ‘तेव्हा नेमके काय झाले?’ असे त्या माणसालाच विचारावे.