स्वतःचं पोर्ट्रेट स्वतः काढताना: मोबाइल, खिडकी आणि मोजपट्टी

हातात धरून काढलेल्या सेल्फीत मोबाइल चेहऱ्यापासून साधारण 40 सेंटिमीटरवर असतो. नाकाचं टोक आणि कान यांत 12 सेंटिमीटर अंतर धरलं, तर कान कॅमेऱ्यापासून 52 सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक 30 टक्के मोठं उमटतं. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला की हा फरक 8 टक्क्यांवर येतो. ‘माझं नाक फोटोत फारच मोठं येतं’ ही तक्रार बहुतेकदा हाताच्या लांबीची असते.

कंबर, पोट, दंड, त्वचा यांबद्दल फोटो बघून आपण जी मतं करून घेतो, त्यांतली बरीच अशीच असतात. फोटोत शरीर तर असतंच. पण कॅमेरा किती लांब होता, उजेड कुठून येत होता आणि बटण नेमकं कधी दाबलं गेलं, हेही त्यात मिसळलेलं असतं. या तिन्ही गोष्टी स्वतः ठरवल्या की सेल्फ-पोर्ट्रेट काढणं सोपं होतं आणि त्याकडे बघणंही.

जमवाजमव

मोबाइल, त्याला उभं धरायला काहीतरी, पांढरा पातळ पडदा किंवा जुनी पांढरी ओढणी, थर्माकोलची एक शीट, मोजपट्टी आणि रंगीत चिकटपट्टी. एवढ्यात काम भागतं. ट्रायपॉड नसेल तर किलोभर तांदूळ कापडी पिशवीत भरून ती स्टुलावर ठेवा आणि मोबाइल तिच्यात रुतवा. पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला मोबाइल हमखास मागे कलतो, आणि तो चार-पाच अंश कलला तरी उभ्या माणसाची प्रमाणं बदलतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट ग्रिडच्या रेषेला समांतर दिसेपर्यंत मोबाइल सरळ करा.

कॅमेरा मागचा वापरा. पुढच्या कॅमेऱ्याचा दर्जा सहसा कमी असतो, आणि अनेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये त्यावर ‘ब्युटी’ आधीपासूनच चालू असते: त्वचा गुळगुळीत, हनुवटी निमुळती, डोळे जरा मोठे, तेही न विचारता. पुढचाच कॅमेरा वापरायचा असेल तर ती पट्टी शून्यावर आणा. ‘पोर्ट्रेट’ मोडही तूर्त नको. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात तो सुटे केस खातो आणि हात व कंबर यांच्यामधली फट बुजवून टाकतो. कमरेची बाहेरची रेषाच बदलली तर मग बघायचं काय?

मागचा कॅमेरा वापरताना आपण स्क्रीनवर दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोबाइलच्या मागे एक आरसा उभा करायचा, त्यात स्क्रीन दिसते. पण फ्रेम ठरली की आरसा उचलून ठेवा. तो समोर राहिला की आपण पोट आत ओढतो, मान तिरकी करतो आणि आरशापुढचा सवयीचा चेहरा लावून बसतो.

जागा आणि अंतर

चेहरा आणि खांद्यांसाठी मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर आणि दीड ते दोन मीटर दूर. पूर्ण शरीरासाठी तो कमरेच्या उंचीवर, किमान दोन मीटर दूर. डोळ्यांच्या उंचीवरून पूर्ण उंचीचा फोटो घेतला तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, जमिनीजवळून घेतला तर मांड्या आणि पोट पुढे येतात. दोन्ही परिणाम मुद्दाम वापरता येतात, फक्त नकळत व्हायला नकोत.

दहा बाय दहाच्या खोलीत हे बसवायचं कसं? भिंतीपासून एक मीटर पुढे उभे राहा, नाहीतर स्वतःची सावली मागे चिकटते. उरतात दोन मीटर. मोबाइलचा नेहमीचा, म्हणजे 1एक्स कॅमेरा दोन मीटरवरून उभ्या फ्रेममध्ये सुमारे अडीच मीटर उंची पकडतो, त्यामुळे माणूस आरामात मावतो आणि वरखाली जागा उरते. ती नंतर कापा. दोन मीटरवरून काढून कापलेल्या फोटोत शरीराची प्रमाणं 2एक्सवर काढलेल्या फोटोसारखीच राहतात, कारण ती अंतरावर ठरतात, झूमवर नाही. 0.5एक्स मात्र टाळा. त्यात कडेला आलेला हात किंवा पाऊल ताणून रुंद होतं. 1एक्सवरही हातपाय फ्रेमच्या अगदी कडेला नेऊ नका.

उभं राहायची जागा आणि स्टुलाची जागा, दोन्हींवर चिकटपट्टी लावा आणि आकडे लिहून ठेवा. आज 1.5 मीटरवरून आणि पुढच्या महिन्यात 80 सेंटिमीटरवरून काढलेले फोटो शेजारी ठेवून ‘मी सुटले’ म्हणण्यात अर्थ नसतो.

आता फोकस. उभं राहायच्या जागी काहीतरी ठेवून त्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. साधी उशी इथे दगा देते. तिच्यावर नक्षी नसेल तर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही, आणि ती पांढरी असेल तर कॅमेरा उजेड कमी करतो, मग प्रत्यक्ष फोटोत आपण काळवंडतो. आपल्या त्वचेच्या जवळपास जाणाऱ्या रंगाची, छपाई असलेली पिशवी उभं राहायच्या जागी चेहऱ्याच्या उंचीला टांगा.

उजेड

एक खिडकी पुरे. थेट ऊन येत असेल तर तिच्यावर ओढणी लावा. खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा आजारी दिसतो. रात्री एलईडीखाली काढत असाल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे कॅमेऱ्याची सेटिंग स्वतः ठरवता येतात तिथे, शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो आणि शटर त्याच्याशी जुळलं की पट्टे जातात.

सगळ्यात जास्त शिकवून जाणारा प्रयोग इथेच आहे. शरीरावरची एक जागा निवडा: गुडघा, दंड, सिझेरियनचा व्रण, पोटावरचे ताणाचे पट्टे, गालावरचे मुरमांचे डाग. खिडकीकडे तोंड करून एक फोटो काढा. मग तिथेच नव्वद अंशांत वळा, म्हणजे उजेड बाजूने घासून जाईल, आणि दुसरा काढा. पहिल्यात त्वचा सपाट दिसते. दुसऱ्यात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, व्रणाची कड उठून येते, शिरा दिसतात. दोन्ही फोटो खरे असतात आणि मधल्या मिनिटभरात त्वचेत काहीही बदललेलं नसतं. ट्रायल रूममध्ये डोक्यावरच्या दिव्याखाली स्वतःला पाहून निराश झालेल्यांनी हा प्रयोग आधी करावा.

बाजूच्या उजेडात सावली फार गडद वाटली तर विरुद्ध बाजूला हातभर अंतरावर थर्माकोल उभा करा. आणखी गडद हवी असेल तर त्याच जागी काळी चादर टांगा.

त्वचेच्या रंगाचं वेगळं बोलायला हवं. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मधल्या राखाडी छटेवर आणू बघतो. मागे पांढरी भिंत असेल तर तो सगळंच दबवतो आणि सावळी त्वचा तपशिलासकट बुडते. अशा वेळी उजेडाची पट्टी +0.3 ते +0.7 करा. मागे गडद पडदा असेल तर उलट होतं, त्वचा फटफटीत येते. तेव्हा -0.7च्या आसपास या. बरोबर उजेडातली सावळी त्वचा फोटोत फार देखणी येते, कारण तिच्यावर प्रकाशाची चमक आणि सावली यांचा खेळ स्पष्ट उमटतो. लग्नाच्या बायोडेटाचा फोटो ‘जरा उजळ’ करून देणाऱ्या स्टुडिओंनी नेमकी हीच चमक पिढ्यान्‌पिढ्या पुसली आहे.

बटण कोण दाबणार?

दहा सेकंदांच्या टायमरची अडचण अशी की नवव्या सेकंदाला चेहरा ताठ होतो. छोटा ब्लूटूथ रिमोट सोयीचा. वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटणही बऱ्याच मोबाइलमध्ये शटरचं काम करतं, फक्त वायर लांब हवी. तिसरा मार्ग व्हिडिओचा. 4के व्हिडिओ लावून तीन-चार मिनिटं हालचाल करा आणि त्यातून फ्रेम उचला. अशी फ्रेम सुमारे 8 मेगापिक्सेलची असते, छोट्या प्रिंटला भरपूर. उजेड कमी असेल तर ती हललेली येते, म्हणून व्हिडिओ भर दिवसाच करा.

हातांना काम द्या. केस विंचरणं, बाही दुमडणं, पायाला तेल लावणं, काहीही. रिकामे हात लगेच पोट झाकायला धावतात. आणि बटण श्वास सोडताना दाबा. श्वास रोखला की खांदे वर चढतात.

चेहऱ्यापलीकडचं पोर्ट्रेट

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉन कोप्लान्स यांनी साठी ओलांडल्यावर, 1984मध्ये, स्वतःच्या विवस्त्र शरीराची कृष्णधवल छायाचित्रमालिका सुरू केली. चेहरा त्यांनी कायम फ्रेमबाहेर ठेवला. केसाळ पाठ, सुरकुतलेले हात, पावलं यांचे मोठाले प्रिंट. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग शेरगिल दशकानुदशकं स्वतःचे फोटो काढत होते, त्यात उघड्या अंगाचे, योगाभ्यासातलेही आहेत. दोघांच्याही फोटोंत शरीर जाहिरातीसाठी उभं नाही, आणि सुरुवात करायला हीच वाट उत्तम.

पहिला सराव तुकड्यांचा. एकच अवयव, कपड्यांसकट किंवा शिवाय, पण चेहरा नाही. मोबाइल जवळ नेऊ नका, दीड मीटरवरून 2एक्स वापरा. मान आणि खांदा, पाठीचा कणा, टाचांच्या भेगा. ‘हे मला आवडत नाही’ असा एक भाग आणि ज्याचा आपण कधी विचारच करत नाही असा एक, उदाहरणार्थ कोपराची मागची बाजू, हे दोन्ही एकाच उजेडात काढा.

दुसरा हालचालीचा. प्रो मोडमध्ये आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, 50 किंवा 100, शटर अर्धा ते एक सेकंद. बहुतेक मोबाइलमध्ये भिंगाचं छिद्र लहान करता येत नाही, त्यामुळे दुपारी फोटो पांढराफटक होईल. संध्याकाळचा मंद उजेड लागतो. पहिला अर्धा वेळ स्थिर राहा, मग मान किंवा हात वळवा. पूर्ण वेळ हललात तर माणूसच दिसेनासा होतो. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ परिणाम निवडला तरी असंच काहीसं मिळतं.

तिसरा सावलीचा, आणि तो सगळ्यांत सोपा. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आधी, ऊन तिरपं असताना, भिंतीवर पडलेली आपली सावली. ज्यांना कॅमेऱ्यासमोर यायचीच धास्ती आहे, त्यांनी इथून सुरुवात करावी.

बघायचं कधी आणि कसं

काढल्या काढल्या बघू नका. तीस-चाळीस फोटो काढून मोबाइल बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. पहिल्या फेरीत फक्त डोळे मिटलेले आणि फोकस चुकलेले फोटो काढून टाका. ‘जाड दिसते’ या कारणाने एकही डिलीट करायचा नाही, निदान आठवडाभर.

फोटोत चेहरा परका वाटला तर एडिटमध्ये जाऊन तो आडवा उलटा करा, म्हणजे डावं उजवीकडे. आरशात आपण रोज असेच दिसतो. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थिनींना स्वतःचा उलटा, आरशातल्यासारखा फोटो जास्त पसंत पडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला आवडलं. उलटा करताच फोटो बरा वाटू लागला, तर अडचण सवयीची आहे असं समजा.

मग एक फोटो निवडून त्याचं वर्णन पाच ओळींत लिहा. नियम एकच: चांगलं-वाईट सांगणारा शब्द नको. ‘बेढब’, ‘छान’, ‘काळवंडलेली’ बाद. ‘डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. बसताना पोटावर दोन घड्या पडतात. मानेवर उजेड, हनुवटीखाली सावली.’ देहप्रतिमेच्या उपचारांत आरशासमोर जवळपास असंच तटस्थ वर्णन करायला सांगतात. पहिल्या दोन ओळी जड जातात, तिसरीपासून नजर तपासणी सोडून बघायला लागते. मात्र एकाच अवयवावर झूम करण्यात तास जात असतील, जेवण तोडावंसं वाटत असेल किंवा घराबाहेर पडणं नको होत असेल, तर फोटो थांबवा आणि बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

एडिटिंगमध्ये उजेड, कॉन्ट्रास्ट, कापणी आणि कृष्णधवल एवढंच ठेवा. कंबर आवळायची साधनं वापरलीत तर मागची भिंतही वाकते आणि फरशीच्या रेषा चुगली करतात, हे वेगळंच.

फोटो ठेवायचे कुठे

हा भाग सुरुवात करण्याआधी वाचलात तर उत्तम. गॅलरीचा क्लाउड बॅकअप घरातल्या टॅबला किंवा टीव्हीला जोडलेला असू शकतो. असे फोटो काढण्याआधी तो बंद करा आणि फोटो लॉक केलेल्या फोल्डरमध्ये हलवा. ‘अलीकडे हटवलेले’ हा कप्पाही रिकामा करा, तिथे फोटो महिनाभर पडून राहतात. कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी काढा, नाहीतर मूळ फाइलसोबत घराचा पत्ता जातो. कमी कपड्यांतल्या फोटोत चेहरा, गोंदण, ओळखू येणारी जन्मखूण आणि खिडकीबाहेरचं दृश्य एकत्र येऊ देऊ नका.

फोटो स्वतःच्या मर्जीने काढला किंवा एखाद्याला पाठवला, म्हणून तो पसरवायची परवानगी दिली असं होत नाही. खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय प्रसारित करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ईखाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तसं घडलंच तर आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांविषयीच्या अशा तक्रारी तिथे नाव न देताही नोंदवता येतात.