मृग लागायच्या आत: ड्राइव्हवरचा डेटा घरच्या सर्व्हरवर नेण्याची तयारी

मृग लागला की आमच्याकडे संध्याकाळी वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून वर्षभराचे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं एक्स्टर्नल ड्राइव्हवरून घरच्या सर्व्हरवर हलवायचं काम मी त्याआधीच उरकतो. सर्व्हर म्हणजे कपाटावर ठेवलेला एक रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटासा संगणक) आणि त्याला जोडलेली मोठी डिस्क. या वेळी हलवायचा डेटा होता १.४ टीबी. त्यात २००४ साली मी गावी मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर टिपलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आता नाही. तो आवाज तेवढ्याच फायलींमध्ये उरलाय, त्यामुळे या कामात मी घाई करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट ठरवून टाका: कट-पेस्ट करायचं नाही, कॉपीच करायची. मूळ ड्राइव्हवरचं काहीही पडताळणी होईपर्यंत पुसायचं नाही. जागा कमी पडतेय म्हणून ‘हे फोल्डर तेवढं मूव्ह करू’ असा मोह होतो, आणि नेमकं त्याच वेळी केबल हलते.

मग ड्राइव्हची तब्येत बघा. कानाजवळ धरून ऐका. टिक-टिक असा ठोक्याचा आवाज येत असेल तर थांबा. त्यानंतर स्मार्टचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवतो त्यांचा, अहवाल काढा. त्यात रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, हे दोन आकडे शून्य हवेत. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर सगळा ड्राइव्ह क्रमाने कॉपी करत बसू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहिले तरी चालतील.

टिक-टिक मात्र दर वेळी ड्राइव्हच बिघडल्याची नसते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपियरच वीज मिळते. दोन पोर्टेबल ड्राइव्ह एकदम लावले की एकाला वीज पुरत नाही. तो चालू होतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. म्हणून स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब आधीच आणून ठेवा. ड्राइव्ह निळ्या पोर्टमध्येच लावा, तो यूएसबी ३ चा. आणि तासन्‌तास चालणाऱ्या कॉपीसाठी ड्राइव्ह गादीवर किंवा सोफ्यावर ठेवू नका. लाकडी फळीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा.

ड्राइव्ह थेट सर्व्हरलाच जोडता आला तर उत्तम. लॅपटॉपला ड्राइव्ह आणि तिथून वाय-फायने सर्व्हर, असा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही. लॅपटॉपमार्गेच जावं लागणार असेल तर लॅन केबल लावा आणि लिंक किती वेगाची लागलीय ते तपासा. गिगाबिट वेगासाठी (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटलेली असेल, किंवा जुन्या केबलमध्ये चारच जोडलेल्या असतील, तर लिंक मुकाट्याने १०० एमबीपीएसवर उतरते. आमच्या घरात वर्षभर तेच चालू होतं. माझ्या १.४ टीबीचा हिशेब सांगतो: गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी धरले तर साडेतीन तास, यूएसबी २ वर साधारण अकरा तास आणि १०० एमबीपीएसवर ३५ तास. हे सगळं मोठ्या फायलींसाठी. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरसारख्या लाखभर बारीक फायली असतील तर वेळ कितीतरी वाढतो, तेव्हा तसली फोल्डरं आधी झिप करून घेतलेली बरी.

फॉरमॅटकडे, म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धतीकडे, जरा जास्त लक्ष द्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि तासाभराच्या मिनी-डीव्ही टेपची फाइल १३ जीबीच्या आसपास जाते. विंडोजवरून नीट ‘इजेक्ट’ न करता ओढून काढलेला एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटचा) ड्राइव्ह लिनक्सवर नुसता वाचण्यापुरता जोडला जातो, कधी जोडलाच जात नाही. अशा वेळी जबरदस्ती करण्यापेक्षा तो विंडोजला लावा, चेकडिस्क (ड्राइव्हवरच्या चुका शोधणारी विंडोजची सोय) चालवा आणि नीट काढून आणा.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. ती मला ऐन कॉपीत कळली, तुम्हाला आधी कळावी. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटवर ती २५५ बाइटची आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘आजीच्या जात्यावरच्या ओव्या’ एवढ्या तीन शब्दांचेच ७४ बाइट होतात. त्यापुढे गावाचं नाव, तारीख आणि ‘पहाटेचं दळण, मावशी आणि शेजारच्या काकू’ असं लिहीत गेलात की मर्यादा संपते आणि तेवढी फाइल मागे राहते. विंडोजवर तेच नाव वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं असतं. तेव्हा कॉपीआधी ८० चिन्हांवरची नावं शोधून आखूड करा, एक्स्टेन्शन धरून. मी नावात फक्त प्रसंग आणि साल ठेवतो. बाकीचा मजकूर त्याच फोल्डरमधल्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो.

जागा मोजताना २ टीबीचा ड्राइव्ह विंडोजवर १.८१ टीबी दिसतो हे धरून चाला. सर्व्हरच्या डिस्कवर कॉपीनंतरही दहा टक्के तरी मोकळे राहतील एवढी जागा बघून ठेवा.

आता सगळ्यात घातक गोष्ट. लिनक्समध्ये डिस्क एका फोल्डरवर माउंट होते, म्हणजे तिच्यातला माल त्या फोल्डरमधून दिसायला लागतो. काही कारणाने ती माउंट झालेली नसली तरी तो रिकामा फोल्डर तिथे असतोच, आणि कॉपीची आज्ञा त्यात आनंदाने फायली ओतत राहते. त्या जातात पायच्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर. कार्ड भरलं की सर्व्हर अडखळायला लागतो, आणि नंतर डिस्क माउंट केली की त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. शोधूनही सापडत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी जोडलेल्या डिस्कची यादी काढा आणि क्षमता वाचून कुठली डिस्क कुठे बसलीय ते बघा. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीस्टार्टनंतर त्यांची अदलाबदल होऊ शकते. कायमच्या जोडणीसाठी डिस्कचा यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा.

कॉपीसाठी आरसिंक हे दोन्हीकडच्या फायली ताडून कॉपी करणारं सॉफ्टवेअर वापरा. ते १९९६ पासून आहे. अँड्र्यू ट्रिजेल हे त्याचे एक कर्ते, आणि घरच्या सर्व्हरची फोल्डरं विंडोजला दाखवणारं साम्बाही त्यांनीच सुरू केलं. मध्येच तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. झालेल्या फायली ते सोडून देतं. आधी ‘ड्राय रन’ करा. त्यात काहीही लिहिलं जात नाही, फक्त काय होणार ते दिसतं. ही यादी डोळ्यांखालून घालाच, कारण मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर आख्खा फोल्डर जातो. रेघ विसरलात की ‘फोटो’च्या पोटात ‘फोटो’ तयार होतो. मूळ ड्राइव्हवर नसलेलं सर्व्हरवरून पुसणारा ‘डिलीट’चा पर्याय पहिल्या कॉपीत अजिबात लावू नका. उलट दिशेने, सर्व्हरवरून एक्सफॅट ड्राइव्हवर नेताना मालकी आणि परवानग्यांवरून तक्रारी येतात, कारण एक्सफॅटमध्ये त्यांची सोयच नाही. तिथे फक्त फोल्डरांसकट कॉपी आणि वेळ जपणं, एवढेच दोन पर्याय पुरतात.

सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे, जात असाल तर आज्ञा टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत द्या, म्हणजे लॅपटॉप झोपला तरी काम चालू राहतं. सर्व्हर, हब आणि राउटर तिन्ही यूपीएसवर घ्या. घरच्यांना सांगून ठेवा, त्या कोपऱ्यातला प्लग आज मिक्सरसाठी काढायचा नाही.

कॉपी संपल्यावर आरसिंक पुन्हा चालवा, या वेळी चेकसमसकट (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला आकडा). एरवी ते फक्त आकार आणि वेळ ताडून पाहतं. चेकसम लावल्यावर दोन्हीकडची फाइल शेवटपर्यंत वाचतं. याला पुष्कळ वेळ लागतो. रात्री लावून झोपा. सकाळी यादी रिकामी आली तरी दहा-बारा फायली हाताने उघडा, व्हिडिओ मधूनच लावून बघा. मी ओव्यांची फाइल ४० व्या मिनिटापासून लावली. जात्याची घरघर आली, मग आजीचा आवाज आला, आणि मागून कोंबडाही आरवला.

ड्राइव्ह काढताना अनमाउंट होईपर्यंत थांबा. काम संपल्याचं दिसलं तरी शेवटचा थोडा भाग अजून मेमरीतून लिहिला जात असतो. मग ड्राइव्हवर पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि तो सर्व्हरशेजारच्या खणात ठेवू नका. माझा ड्राइव्ह येत्या रविवारी मामाकडे साताऱ्याला जाईल, स्वेटरच्या घडीत.