जर्मनीत उपकंपनी काढण्यापूर्वीची तयारी

चाकण, भोसरी, शिरोली, वाळूज, सातपूर इथल्या मध्यम कारखान्यांना जर्मन ग्राहक ठरावीक टप्प्यावर सांगतोच : माल आमच्या दारात पोचवा, बिल युरोपातल्या कंपनीचं द्या आणि काही बिघडलं तर फोन उचलणारा माणूस इथलाच ठेवा. तिथून उपकंपनीचा, म्हणजे बहुधा जीएमबीएचचा (जर्मनीतली मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी), विचार सुरू होतो. करायची कामं सीए, बँक, वकील सगळेच सांगतात. घोडं अडतं ते त्यांचा क्रम चुकल्यामुळे, म्हणून इथे क्रमावरच भर आहे.

सुरुवातीला एकदा खात्री करून घ्यावी की कंपनी हवीच आहे का. वर्षाला मोजके कंटेनर जात असतील, तर कमिशन एजंट आणि भाड्याचं गोदाम एवढ्यावर भागतं. मात्र त्यातही दोन खाचखळगे आहेत. भारतीय कंपनीच्या नावाचा माल जर्मन गोदामात ठेवून तिथूनच विकला, की तिथल्या व्हॅटची नोंदणी करावीच लागते. आणि तिथे बसवलेला आपला माणूस नेहमी भाव ठरवून करार पक्के करत असेल, तर जर्मन करखातं त्याला भारतीय कंपनीचं स्थायी आस्थापन, म्हणजे जर्मनीतलं कायमचं ठाणं, मानून नफ्यावर कर मागू शकतं. या दोन्हींचा हिशेब मांडल्यावर कंपनीच बरी असं दिसलं, तरच पुढे जावं.

मग आधी भारतातले कागद. परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम ऑगस्ट २०२२ चे आहेत. शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या नक्त मत्तेच्या (नेट वर्थच्या) ४०० टक्क्यांपर्यंतची बांधिलकी रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय करता येते. बांधिलकीत फक्त भागभांडवल धरू नये. उपकंपनीला दिलेलं कर्ज आणि तिच्यासाठी दिलेली हमीही त्यात येते. हमीवर रक्कम आणि मुदत लिहिलेली असलीच पाहिजे. संचालक मंडळाचा ठराव, एफसी फॉर्म (परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेचा अर्ज), मग बँकेकडून यूआयएन क्रमांक (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) आणि त्यानंतर पैसे, हा क्रम मोडू नये. नोटरीचं किंवा वकिलाचं बिल घाईत कोणाच्या तरी वैयक्तिक कार्डावरून भरलं जातं आणि पुढे ती रक्कम भांडवलात दाखवताना बँक हात वर करते. पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत भागांचा पुरावा बँकेला द्यावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ नोटरी आणि जर्मन बँक यांच्यामध्ये जातो. किमान भांडवल २५,००० युरो. नोंदणीपूर्वी निम्मे, म्हणजे १२,५०० युरो, भरलेले चालतात. स्थापनेचा दस्त नोटरीसमोर होतो, त्यावर बँक खातं उघडते, खात्यात भांडवल जमा होतं, त्याचा पुरावा नोटरीला दिल्यावर तो व्यापार नोंदवहीकडे अर्ज पाठवतो. प्रवर्तक स्वतः जाणार नसतील, तर मुखत्यारपत्र लागतं. इथे भारतीय सल्लागार सहज अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, सुचवतात, पण भारताच्या अपोस्टील सदस्यत्वाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे या दोन देशांत ती पद्धत लागू नाही. मुखत्यारपत्रावरची सही मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात प्रमाणित करून घेण्याचा रस्ता धरावा, मजकूर आधी जर्मन नोटरीकडून तपासून घ्यावा आणि भेटीची वेळ सगळ्यांत आधी मागावी. भारतीय कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि घटनापत्र यांची शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन प्रत करावी. बँकेला २५ टक्क्यांहून जास्त मालकी असलेली प्रत्येक व्यक्ती माहीत हवी असते. घरातल्या एचयूएफ आणि ट्रस्टमध्ये वाटलेले भाग असतील, तर मालकीचा एक पानी आराखडा काढून सहीनिशी तयार ठेवावा. नाहीतर एकेक प्रश्न ईमेलवर येत राहतो आणि आठवडे जातात.

नोंदणी होईपर्यंत नव्या कंपनीच्या नावाने गोदामाचा करार करू नये. सही करणाऱ्याच्या अंगावर वैयक्तिक जबाबदारी येते. आणि नोंदणी झाली रे झाली, की सरकारी वाटतील अशी बिलं पोस्टाने येऊ लागतात : गरुडासारखं चिन्ह, नोंदणी क्रमांक, काही शे युरोंची रक्कम, खाली बारीक अक्षरात खासगी सूचीत नाव छापण्याचा प्रस्ताव. नोटरीने दाखवल्याशिवाय एकही भरू नये.

जागा निवडताना ग्राहकाजवळची हवा, हे खरंच. पण व्यापारकर प्रत्येक गावाचा वेगळा असतो. ३.५ टक्क्यांच्या मूळ दराला गावाचा गुणक लागतो. स्टुटगार्टचा ४२० टक्के, म्युनिचचा ४९०. कंपनीकर आणि अधिभाराचे १५.८२५ टक्के मिळवले, की एकूण बोजा अनुक्रमे सुमारे ३०.५ आणि ३३ टक्के. गोदाम पंधरा किलोमीटर अलीकडे घेतलं तरी फरक पडू शकतो.

आता खरा विचार करायचा तो आयातदार कोण याचा. ग्राहक स्वतः आयात करत होता तोवर सीमाशुल्क, १९ टक्के आयात व्हॅट आणि कार्बनचा हिशेब त्याच्याकडे होता. उपकंपनी आली, की हे सगळं आपल्याकडे येतं, आणि बरेचदा भाव मात्र जुनेच राहतात. ईओआरआय क्रमांक (युरोपातला आयातदाराचा सीमाशुल्क नोंदणी क्रमांक) नसेल तर हॅम्बुर्गला कंटेनर उभा राहील. मालाचा सीमाशुल्क क्रमांक तर भाव देण्याआधी पक्का हवा : ७३१८ मधले नट-बोल्ट युरोपच्या कार्बन समायोजनात, म्हणजे आयात मालाच्या निर्मितीतल्या कार्बन उत्सर्जनावर आकार घेणाऱ्या सीबीएएममध्ये, येतात, ८७०८ मधले वाहनांचे सुटे भाग सध्या येत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून हा प्रकार नुसता अहवालाचा राहिलेला नाही. एका आयातदाराची अशा मालाची वर्षाची आयात ५० टनांच्या वर जाणार असेल, तर अधिकृत घोषकाची (असा माल सीबीएएमखाली आयात करू शकणाऱ्याची) मान्यता आधी घ्यावी लागते. बोल्टच्या कारखान्यात उत्सर्जन फारसं होतच नाही. ते असतं वायर रॉड बनवणाऱ्या पोलाद कारखान्यात. म्हणून तिथल्या उत्सर्जनाचे पडताळलेले आकडे देण्याची अट रॉडच्या खरेदी ऑर्डरमध्येच घालावी. आकडे नसतील तर ठोक दर लागतो आणि तो जाणूनबुजून चढा ठेवलेला आहे. वर्षाच्या शेवटी मिलच्या मागे लागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पॅकिंगच्या लाकडातली कीड मारल्याचा, आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का प्रत्येक पॅलेटवर असावा. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं मिळालेली असतात. दुरुस्त करताना मारलेली एक साधी फळीसुद्धा तपासणीत अडते.

भांडवलाचा आकडा सगळ्यांना फसवतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा दहा-बारा दिवस वाढले. म्हणून न्हावा शेवा ते ग्राहकाजवळचं गोदाम असे ४५ दिवस धरावेत. सुरक्षित साठा ३० दिवस, ग्राहकाची उधारी ६० दिवस. म्हणजे १३५ दिवस. महिन्याला एक लाख युरोंची विक्री असेल, तर साडेचार लाख युरो सतत अडकलेले, आणि कंपनीचं भांडवल पंचवीस हजार. बाकीचे पैसे पालक कंपनीच्या उधारीतून येतात. पण आयातदार आपलीच कंपनी असली, तरी निर्यातीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या मुदतीत भारतात यावीच लागते.

जर्मन कायदा इथे कडक आहे. देणी भागवता येत नाहीत असं झालं, तर व्यवस्थापकीय संचालकाने जास्तीत जास्त तीन आठवड्यांत आणि देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली व पुढची तजवीज दिसत नसेल, तर सहा आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करायचा असतो. उशीर केला, तर त्याच्यावर वैयक्तिक आणि फौजदारी जबाबदारी येते. भारतात बसून नुसतं नाव दिलेल्या पुतण्यावरही. त्यामुळे पालक कंपनीचं येणं इतर देणेकऱ्यांच्या मागे राहील, असं पत्र स्थानिक वकिलाकडून आधीच करून घ्यावं आणि दर महिन्याला तेरा आठवड्यांचा रोखीचा तक्ता मागवावा. उपकंपनीला लावलेला भाव आणि कर्जाचं व्याज बाजारभावाने असल्याचा कागद दोन्ही देशांत एकच हवा. तिथे नेहमी तोटा दिसला, तर जर्मन करखातं विचारतंच.

माणसं नेमताना परीक्षाकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने २० रजा असल्या, तरी तेवढ्यावर चांगला विक्री अभियंता मिळत नाही. २८ ते ३० धराव्या. पगारावर मालकाचे विम्याचे हप्ते साधारण २० टक्के. दहापेक्षा जास्त माणसं झाली, की कामावरून काढण्यावर कडक बंधनं येतात. इथून पाठवलेल्या माणसासाठी ईपीएफओकडून कव्हरेज प्रमाणपत्र तो निघण्याआधीच काढावं; ४८ महिन्यांपर्यंत पीएफ भारतात चालू राहतो आणि जर्मन पेन्शनचे हप्ते वाचतात.

राहिला वार्षिक अहवाल. रिझर्व्ह बँकेचा एपीआर (उपकंपनीच्या वर्षाच्या कामगिरीचा अहवाल) दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत जातो आणि नियंत्रण आपलं असेल, तर लेखापरीक्षित हिशेबावरच जातो. छोट्या जीएमबीएचला जर्मनीत लेखापरीक्षण सक्तीचं नसल्यामुळे तिथला करसल्लागार ते आपणहून सुचवत नाही. त्याच्याशी करार करतानाच हे काम लिहून घ्यावं, कारण एपीआर थकला तर तो नियमित होईपर्यंत पुढचा एक युरोही पाठवता येत नाही.