भूकंपात जमीन किती सरकली ते आपल्या लॅपटॉपवर कसं काढायचं

नागपुरात कुठे भूकंप येते असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण दख्खनचं पठारही स्थिरच समजत होते ना, आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला ६.२चा बसला. म्हणून हे काम विदर्भातल्या पोरांनी शिकलंच पाहिजे, आणि डेटा फुकट आहे.

सरावाला नेपाळचा २५ एप्रिल २०१५चा भूकंप घ्या. नासाच्या अर्थडेटा साइटचं अकाउंट काढा, अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या व्हर्टेक्स साइटवर काठमांडूभोवती चौकट आखा, सेंटिनेल-१ ह्या रडार सॅटेलाइटचा एसएलसी डेटा (ज्यात सिग्नलची फेज, म्हणजे लाटेची अवस्थाही असते) शोधा आणि १७ अन् २९ एप्रिलच्या, म्हणजे भूकंपाआधीची एक अन् नंतरची एक, अशा इमेज निवडा. दोन्हीचा पाथ (सॅटेलाइटचा जायचा मार्ग) एकच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया. मग ऑन डिमांडमधून इनसारचा (दोन रडार इमेजची तुलना करून जमिनीचं सरकणं काढायची पद्धत) जॉब टाका, रॅप्ड फेजवर टिक करा, रंगीत पट्टे त्याच फाइलमध्ये येतात, प्रोसेसिंग त्यांच्याच सर्व्हरवर होते त्यामुळे साधा लॅपटॉप चालते.

आलेली फाइल क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की रंगीत पट्टे दिसतील, ते फ्रिंज. रडारची वेव्हलेंग्थ ५.६ सेंमी, सिग्नल जाऊन परत येतो म्हणून लाल ते परत लाल अशा एका पट्ट्याला २.८ सेंमी धरायचे. काठमांडूच्या बाजूला सावकाश मोजत जा, तिथली जमीन जवळपास १ मीटर वर आली होती.

आता खरी मेहनत. आधी कोहेरन्सची फाइल बघा, दोन्ही इमेजचे सिग्नल किती जुळतात ते ती ० ते १ मध्ये सांगते, ०.३च्या खाली असेल तिथले रंग कितीही सुंदर दिसले तरी मी ते मोजत नाही. झाडी, बर्फ, नांगरलेलं शेत, सगळीकडे हेच होते. आपल्याकडे कपाशी अन् संत्र्याच्या बागांवर पावसाळ्यातली जोडी लावाल तर नुसता रंगीत कचरा हाती येईल, उन्हाळ्यातल्या इमेज घ्या. जुलै २०२५ला गेलेल्या निसार ह्या नासा-इस्रोच्या रडार सॅटेलाइटकडून मला म्हणूनच मोठी आशा आहे, त्याच्या एल-बँड रडारची वेव्हलेंग्थ २४ सेंमी, पानांतून बरीच खाली पोचते.

डोंगराच्या आकाराबरोबर वळणारे पट्टे दिसले तर हवेतल्या ओलाव्याचा संशय घ्या आणि तारखा बदलून, पण भूकंप मधातच ठेवून, दुसरी जोडी लावा. भूकंपाचं सरकणं तिथेही राहते, हवेचा पट्टा बदलून जाते.

आणि हे आकडे सरळ उभे नाहीत बरं, सॅटेलाइटच्या तिरक्या नजरेतले आहेत. वर-खाली आणि पूर्व-पश्चिम वेगळं काढायला असेंडिंग (सॅटेलाइट उत्तरेकडे जाताना), डिसेंडिंग (दक्षिणेकडे जाताना) दोन्ही पास लागतात, उत्तर-दक्षिण सरकणं तर ह्यात जवळपास दिसतच नाही, तिथे जीपीएस स्टेशनचे आकडे जोडायचे.