गोव्याकडे न फिरकणारा पाश्चात्त्य पाहुणा : कारण शोधावे कसे आणि उपाय करावा कोणता

गोवा पर्यटन खात्याच्या आकड्यांनुसार 2019 साली राज्यात सुमारे 9.4 लाख विदेशी पर्यटक आले होते. 2024 साली ही संख्या सुमारे 4.7 लाख, म्हणजे निम्मीच होती. त्याच वर्षी देशी पर्यटक 99 लाखांच्या घरात गेल्यामुळे एकूण बेरीज भरघोस दिसते आणि ही घट तिच्याआड झाकली जाते. मात्र हरमल, मांद्रे, आगोंद, पाळोळे या गावांत ज्यांची गेस्ट हाऊस हिवाळाभर मुक्काम करणाऱ्या युरोपीय पाहुण्यांवर चालत आली, त्यांना ती दर हंगामात जाणवते. अशा व्यावसायिकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात स्वतःच्या दप्तरापासून करावी. विदेशी पाहुणा उतरल्यावर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (आजवर सी-फॉर्म म्हणून ओळखला जाणारा) भरणे बंधनकारक असल्याने प्रत्येक नोंदणीकृत व्यावसायिकाकडे पाहुण्याचे राष्ट्रीयत्व, व्हिसाचा प्रकार, आगमनाची तारीख आणि मुक्कामाचा कालावधी यांची नोंद असतेच. ही नोंद केवळ सरकारी कटकट मानून बाजूला टाकली जाते, हे दुर्दैव आहे, कारण आपल्या धंद्याचा याहून विश्वासार्ह इतिहास दुसरीकडे मिळणार नाही. 2015 पासूनचे फॉर्म काढून देशनिहाय मांडणी करावी आणि मोजणी माणसांची न करता रात्रींची करावी. साठ रात्री राहणारे एक जोडपे शनिवार-रविवारी दोन रात्रींसाठी येणाऱ्या तीस जोडप्यांइतक्या रात्री भरून काढते. त्यामुळे असे एकच जोडपे गमावले तरी वहीत फक्त दोन नावे कमी दिसतात आणि खोली मात्र दोन महिने रिकामी राहते.

यानंतर पाहुण्यांचे दोन गट पाडावेत, कारण दोघे वेगवेगळ्या कारणांनी दुरावले आहेत. पहिला गट चार्टर, म्हणजे पर्यटन कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानाने येऊन दोनएक आठवडे राहणाऱ्यांचा. याचा संबंध प्रामुख्याने विमान आणि पॅकेज यांच्याशी असतो. ब्रिटनची टॉमस कुक ही कंपनी 23 सप्टेंबर 2019 रोजी, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर कोसळली आणि तिच्या पॅकेजवर अवलंबून असलेला ब्रिटिश पाहुणा एकदम तुटला. हा गट आटला असेल, तर त्याचा दोष आपल्या खोलीत शोधत बसू नये. एकट्या गेस्ट हाऊस मालकाच्या हातात यातले फारसे काही नाही.

दुसरा गट स्वतः तिकीट काढून येणाऱ्या आणि नोव्हेंबर ते मार्च राहणाऱ्यांचा आहे, आणि खरे लक्ष याच्याकडे द्यायला हवे. प्रत्येक जुन्या पाहुण्याची शेवटची भेट कोणत्या हंगामात झाली, ते पाहावे. ती 2019-20 च्या हंगामात झाली असेल, तर महासाथीने साखळी तोडली असे समजावे. मार्च 2020 मध्ये पर्यटक व्हिसा थांबले, ते नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा मिळू लागले. परंतु ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसा डिसेंबर 2022 पर्यंत मिळत नव्हता, त्यामुळे त्यांचे आणखी एक वर्ष वाया गेले. दर हिवाळ्यात एकाच गावी येणारा माणूस सवयीने येत असतो, आणि ती सवय एकदा मोडली की तो इतर देशांचाही विचार करू लागतो. त्याच सुमारास इतर देशांनी दारे रुंद केली : व्हिएतनामने ऑगस्ट 2023 पासून सर्व देशांच्या नागरिकांना 90 दिवसांचा ई-व्हिसा देऊ केला, तर थायलंडने जुलै 2024 मध्ये 93 देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा दिली. रशियन पाहुण्यांच्या बाबतीत फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेले युक्रेनमधील युद्ध आणि पाठोपाठ त्यांची ‘व्हिसा’ व ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांची बँक कार्डे परदेशात बंद पडणे, हे वेगळे कारण लक्षात घ्यावे.

महासाथीनंतर एकदा येऊन गेलेला आणि पुन्हा न फिरकलेला पाहुणा सर्वांत महत्त्वाचा समजावा, कारण त्याने व्हिसाचा अडथळा पार केला होता आणि तरीही गोव्याने त्याला निराश केले. त्याला व्यक्तिशः पत्र लिहावे. त्यात सवलतीचे आमिष नसावे. मागच्या वेळी कोणती गोष्ट खटकली, एवढाच प्रश्न असावा आणि उत्तर कितीही कडू असले तरी त्यावर वाद घालू नये.

जी उत्तरे येतील, त्यांपैकी बरीच वाहतूक, आवाज आणि दर यांच्याभोवती फिरणारी असतील. टॅक्सीच्या भाड्याचा प्रश्न राज्याच्या पातळीवर सुटेल तेव्हा सुटेल. तोवर आरक्षण पक्के करतानाच मोपा आणि दाबोळी या दोन्ही विमानतळांवरून लागणारे भाडे लेखी कळवावे, ओळखीचा चालक ठरवून द्यावा आणि कदंब या सरकारी महामंडळाच्या बसचा पर्यायही सांगावा. पाळोळ्याला येणाऱ्याने न समजता मोपाचे तिकीट काढले, तर त्याला जवळजवळ संपूर्ण राज्य ओलांडावे लागते, ही सूचना तिकीट काढण्याआधी मिळायला हवी. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास कायद्याने बंदी आहे. तरी शेजारी संगीत वाजत असेल, तर ते लपवू नये आणि पंचायतीकडे व पोलिसांकडे लेखी तक्रार करण्यास कचरू नये. दराच्या बाबतीत महिन्याचा स्वतंत्र दर ठेवावा. नाताळच्या आठवड्याचा दर जो संपूर्ण हंगामाला लावतो, त्याच्याकडे निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस पुन्हा येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. देशी पर्यटकांमुळे विदेशी पळाले, हे सर्रास ऐकू येणारे विधान अन्यायकारक आहे; कठीण वर्षांत गोव्याचे पर्यटन याच पाहुण्यांनी तगवले. कचरा, आवाज आणि बेशिस्त वाहतूक यांचा त्रास त्यांनाही तितकाच होतो.

स्थायिक झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या परदेशी व्यक्तींना सल्ला देताना विशेष जपावे. पर्यटक व्हिसावर येऊन घर विकत घेणाऱ्या अनेकांना फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखाली नोटिसा गेल्या आणि त्यातून आलेला धसका अजून ओसरलेला नाही. दुसऱ्याच्या नावावर घर घेण्याची वाट कोणालाही दाखवू नये. पाच वर्षांपेक्षा अधिक नसलेला भाडेपट्टा कायद्यात बसतो. तो रीतसर करून द्यावा आणि भाडेकरूची पडताळणी वेळेवर करावी.

ही सर्व पत्रे आणि दरपत्रके ऑगस्टअखेरपर्यंत जायला हवीत, कारण दीर्घ मुक्कामाचा पाहुणा विमानाचे तिकीट बरेच आधी काढतो. दिवाळीनंतर पाठवलेल्या पत्राचा उपयोग फार तर पुढच्या वर्षासाठी होईल.