सप्ताहाचा हिशेब चिंचोक्यांनी मांडायचा तर

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाची वर्गणीची वही माझ्या गळ्यात पडली, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. तीन वर्षांपूर्वी एकाच घरचे 500 रुपये मी दोनदा लिहिले आणि काल्याच्या दिवशी रोकड तेवढीच कमी भरली. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण वही माझी, बेरीज माझी, वाचणाराही मीच. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमी वहीत काय लिवून राह्यले, ते आमाले काय दिसते?"

तिचं उत्तर मला बाराव्या शतकातल्या इंग्लंडात सापडलं. रिचर्ड फिट्झनील हा राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार. घराणंच त्यातलं: चुलत आजोबा रॉजर सॅलिसबरीचा बिशप आणि पहिल्या हेन्री राजाचा कारभारी, बाप नायजेल ईलीचा बिशप आणि आधीचा खजिनदार. बापानं पैसे मोजून पोराला पद मिळवून दिलं. (बिशपला पोरगा कसा, हे विचारू नका. पाटीलकी तिथंही घरातच फिरायची.) पण पोरगा कामाचा निघाला. जवळपास 40 वर्षं त्यानं खजिना सांभाळला, 1189 मध्ये लंडनचा बिशप झाला, 1198 मध्ये वारला. थेम्स नदीकाठच्या बुरुजाच्या खिडकीत बसलो असता एकानं विचारलं, अशी सुरुवात करून त्यानं गुरू-शिष्याच्या संवादात खजिन्याची सगळी रीत लिहून ठेवली. तीच मी आपल्या मापात बसवली.

आधी कापड. त्यांचं टेबल 10 फूट लांब, 5 फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे काही खाली पडू नये. वर काळं कापड, त्यावर रेघा. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून कचेरीचंही नाव, एक्सचेकर, त्याच पटावरून पडलं. आम्ही समाजमंदिरातली दोन टेबलं जोडतो, कडेला बांबूच्या कमट्या बांधतो आणि काळ्या कापडावर खडूनं वीत-वीतभर अंतरानं उभ्या रेघा मारतो. उजवीकडून एकक, दहा, शंभर, हजार, दहा हजार. त्यांचं नाणं अवघड, 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. आपलं सोपं आहे.

मोहरा म्हणून चिंचोके. तुरीचे दाणे घेऊन पाहिले, ते घरंगळतात.

आता वसुलीवाल्याला समोर बसवा. त्यांच्याकडे परगण्याचा शेरीफ असाच समोर बसायचा. खालच्या आळीनं कबूल केले 2,300, आणले 1,850. वरच्या ओळीत हजारात 2 चिंचोके, शंभरात 3. खालच्या ओळीत हजारात 1, शंभरात 8, दहात 5. आता एकाच रकान्यातले वरचे-खालचे जोडीजोडीनं उचला. वर हजारात 1 उरतो, खाली शंभरात 5 आणि दहात 5. वरचा हजार मोडून शंभरात 10 ठेवा, 5 जोड्या उचला. उरलेल्या 5 शंभरांतला एक मोडून दहात 10 ठेवा, पुन्हा 5 उचला. वर राहिले शंभरात 4, दहात 5. बाकी 450. घाई करू नका. हजार मोडताना सगळ्यांच्या माना पुढं येतात, तेव्हाच थांबून मोठ्यानं सांगा. आकडे न येणाऱ्यालाही चिंचोका उचललेला दिसतो.

मग पावती. ते हेझलच्या लाकडाची कांडी करत, अंगठा आणि तर्जनी ताणून होईल तेवढी लांब. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीला नुसती चीर. मग कांडी उभी चिरायची. एक फाक देणाऱ्याची, दुसरी खजिन्याची. जुळवल्या की खाचा जुळल्याच पाहिजेत. मी तुराटी घेतली, ती मधेच तुटली. जाड बांबूची कमटी घ्या, आडव्या खाचा आधी करा आणि विळ्यानं मग चिरा. आधी चिरली की दोन्हीकडच्या खाचा कधीच सारख्या येत नाहीत. मी हजाराला अंगठा, शंभराला करंगळी, दहाला ज्वारीचा दाणा धरतो.

वही मात्र ठेवाच. खजिनदार मोठ्यानं सांगायचा, त्याचा लेखनिक लिहायचा, आणि शेजारी बसून चॅन्सलरचा, म्हणजे राजाची मोहर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, लेखनिक नक्कल उतरवायचा. लिहायचं मेंढीच्या कातड्यावर, कारण त्यावर खाडाखोड केली की डाग दिसतो. आमच्याकडे पेन्सिल आणि व्हाइटनर बंद. चुकलं तर एक रेघ, बाजूला दोघांच्या सह्या. दुसरी वही दहावीतली एक पोरगी लिहिते आणि मला दोनदा अडवून झालंय तिचं.

चांदी वितळवून नाणं तपासायची त्यांची भट्टी मी सोडून दिली. फाटकी नोट तेवढी समोरच परत करतो.

इंग्लंडात या कांड्या पार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालल्या. 1834 मध्ये जुना साठा संसदेच्या भट्टीत जाळला आणि त्या आगीत संसदेची इमारतच गेली. तेव्हा जुन्या फाका चुलीत घालायच्या तर थोड्या-थोड्या घाला. त्या म्हातारीनं मात्र तिची फाक देवळीत हळदी-कुंकवाशेजारी ठेवली आहे. यंदा जुळवायला मागितली तर म्हणाली, "तुमचीच घेऊन या इकडं."