घराच्या प्लॅनवर आक्षेप आल्यास दुरुस्ती कशी करावी

गोव्यात नगर नियोजन खाते किंवा पंचायतीकडून घराच्या प्लॅनवर आक्षेप आले, की ड्राफ्ट्समनला लगेच रेषा हलवायला सांगू नका. आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-कब्जाची नोंद), सनद (जमीन बिगरशेती केल्याचा परवाना) आणि प्लॅन या तिन्हींवर सर्वे नंबर, उपविभाग आणि क्षेत्रफळ जुळते का ते पाहा. इथेच चूक असेल तर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

बहुतेक गोंधळ क्षेत्रफळात होतो. समजा प्लॉट 400 चौ. मी., त्यातले 30 चौ. मी. रस्ता रुंदीकरणात जाते. मग हिशेब 370 वर धरायचा. चटई क्षेत्राची (सगळ्या मजल्यांच्या एकूण बांधकामाची) मर्यादा प्लॉटच्या 80 टक्के असेल, तर 320 नव्हे, 296 चौ. मी. मिळतात. हा फरक एका बऱ्यापैकी खोलीचा आहे, म्हणून तो स्लॅब टाकण्याआधी कागदावरच मिटवा.

विहीर शेजाऱ्याची असली तरी साइट प्लॅनवर दाखवा आणि सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यापर्यंतचे अंतर आकड्यात लिहा. सेप्टिक टँकविषयीचे भारतीय मानक 2470 पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 18 मीटर अंतर सांगते. आपल्याकडच्या जांभ्यातून पाणी झरझर मुरते, तेव्हा इथे काटकसर नकोच.

भिंत सरकवली तर सेक्शन (उभा छेद), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) आणि क्षेत्रफळाचा तक्ताही बदला. एकच पान बदलले, की तोच आक्षेप पुन्हा येतो. उत्तराच्या पत्रात प्रत्येक आक्षेपाचा क्रमांक, केलेला बदल आणि पान क्रमांक लिहा. बदललेल्या भागाभोवती ठळक रेघ ओढा. पत्राची शिक्का मारलेली पोच घ्यायला विसरू नका.